मालवणच्या रापणीत बाबांचा वाटा

मंगरूळपीरच्या शाळेत मी तीन वर्षं भूगोल शिकवतो आहे. भरती-ओहोटीचा धडा दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावतो. पण समुद्र मी पाहिलेला नव्हता. "सर, तुम्ही पाहिला का?" असं एखाद्या मुलानं विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. कोणी विचारलं नाही, कारण समुद्र पाहिलेला माणूस आपल्याला भेटेल अशी आमच्या भागात कोणाची अपेक्षाच नसते.

आमच्या शाळेत चित्रकला शिकवणारे गावकर मास्तर मूळचे मालवणचे. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाताना ते म्हणाले, "आता तुमचं वऱ्हाड आणि आमचं कोकण एका राज्यात आलं. राज्य बघायला तरी या." मी एका अटीवर हो म्हटलं. बाबांना बरोबर आणीन.

बाबा म्हणजे माझे वडील. आसेगावला आमची थोडी कोरडवाहू शेती आहे. तिच्यावर घर चालत होतं. मुलाला अमरावतीच्या कॉलेजात ठेवणं तिच्यावर चालण्यासारखं नव्हतं. म्हणून आपलं शेत आटोपलं की बाबा दुसऱ्याच्या शेतात जात. घराण्यात मी पहिला बी. ए. झालो तो त्यांच्या हातांच्या जोरावर. रिकाम्या हातानं बसलेले बाबा मला आठवतच नाहीत. ओसरीवर बसले तरी अंबाडीची दोरी वळत असतात. मी मनाशी ठरवलं होतं की मालवणला आठ दिवस त्यांच्या हाताला काम लागू द्यायचं नाही. वर्षभर मी ह्या सहलीची तयारी करत होतो.

निघताना मायनं ज्वारीच्या पिठाची मोठी पिशवी बाबांच्या खांद्यावर दिली. वर जवसाच्या चटणीचा डबा. "तथी भातच भेटते म्हनते," ती म्हणाली, "परक्या गावात उपाशी नोका राहू." बाबांनी ती पिशवी मूर्तिजापूरच्या स्टेशनावर, आगगाडीत आणि मुंबईच्या धक्क्यावर कुठंही खाली ठेवली नाही.

पहिला दिवस : बोटीतून पडावात

मुंबईहून मालवणला बोट जाते हे मला ठाऊक होतं. पण ती किनाऱ्याला लागत नाही हे ठाऊक नव्हतं. सकाळी बोट समुद्रातच थांबली, बाजूला एक मोठा पडाव आला आणि माणसांनी बोटीच्या शिडीवरून त्या हलत्या पडावात उतरायचं असं कळलं. पडाव एकदा छातीला लागेल इतका वर यायचा, एकदा विहिरीत गेल्यासारखा खाली जायचा.

"पाय कवा टाकाव?" बाबांनी विचारलं.

"वर येतो तवा," मी म्हणालो. हे मी पुस्तकातून सांगत नव्हतो, भीतीनं सांगत होतो.

बाबांनी नेमका तो खाली जाताना पाय टाकला. पडावातल्या एका धिप्पाड माणसानं दोन्ही हातांनी त्यांना दंडाला धरलं आणि आत ओढलं. बाबा वाचले, पिशवी गेली. पिशवीच्या तोंडाला बांधलेलं फडकं सुटून पीठ पाण्यावर पांढरं पसरलं, घटकाभर तरंगलं आणि दिसेनासं झालं. चटणीचा डबा मात्र माझ्याकडे होता.

"बापा!" एवढंच बाबा म्हणाले.

त्या माणसानं कपाळावरचा घाम पुसला. "काय करतलंय बाबानु? हात दोनच. पीठ सोडलंय, माणूस धरलंय."

सगळा पडाव हसला. बाबांना शब्द कळले नाहीत, अर्थ कळला, तेही हसले. त्या माणसाचं नाव भिकाजी तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. आमची पुढची सगळी हकीकत ह्या माणसाशी बांधलेली आहे.

धक्क्यावर गावकर मास्तर घ्यायला आले होते. त्यांचं घर माडांच्या वाडीत, लाल चिऱ्याचं आणि कौलारू. आमच्याकडे धाब्याची घरं; उन्हाळ्यात माणसं वर जाऊन झोपतात. इथं वर झोपायला गेलं तर माणूस घसरून थेट अंगणात यायचा. बाबांनी वाडीतली मूठभर वाळू उचलली, बोटांत चोळली आणि शेजारच्या माडाकडे मान वर करून पाहिलं. "यात हे उभं हाय? आमच्या काळ्या जमिनीत तर हे आभायाले लागलं असतं."

दुपारी गावकर मास्तरांच्या आईनं पानं वाढली. तिथं सगळे त्यांना आये म्हणतात. बाबांच्या गळ्यात माळ आहे, ते मासे खात नाहीत हे मास्तरांनी आधीच सांगितलेलं, म्हणून आमच्यासाठी डाळीची आमटी, फणसाची भाजी, सोलकढी आणि भाताचा डोंगर. बाबा जेवले आणि अदबीनं "झकास" म्हणाले. तासाभरानं माझ्या कानाशी आले. "नारायन, भात पोटात जाते अन् पाण्यावानी इरते. जेवलो काय, हेच समजून नाही राह्यलं."

दुसरा दिवस : पाण्यातला किल्ला, गोड्या पाण्याची विहीर

मालवणला गेलेल्यानं सिंधुदुर्ग पाहायचाच. होडीनं थोडक्या वेळात पोहोचतो, पण दारापाशी जाईपर्यंत दार कुठं आहे ते दिसत नाही, अशी त्याची बांधणी. शिवाजी महाराजांचा किल्ला म्हटल्यावर बाबांनी चपला होडीतच काढल्या. तट कोसभर वळणं घेत जातो आणि बाहेरच्या बाजूला लाटा सारख्या आपटत असतात. मी टिपणवहीत लिहून घेत होतो. बाबांना तटापेक्षा आतल्या विहिरी जास्त आवडल्या. चहूकडे खारं पाणी आणि मधल्या विहिरींना गोडं! बाबांनी उमेदीच्या काळात गावात विहिरी खणल्या आहेत. ते कठड्यावर ओणवे होऊन बांधकाम पाहत राहिले, मग ओंजळभर पाणी प्याले. "ज्यानं हे पानी हेरलं ना," ते म्हणाले, "त्याचे पाय धराव."

परतताना बाजारात गेलो. तिथला खाजा नावाचा गुळात घोळलेला पदार्थ घ्यावाच. आलं घातलेलं असतं, दातांची परीक्षा होते. आमसुलं घेतली. ओल्या काजूची उसळ आयेच्या हातची खाल्ली, तिची चव अजून जिभेवर आहे. चिवल्याच्या किनाऱ्यावर पाण्यात पाय सोडून बसलो. माझ्या फळ्यावरच्या आकृतीतली भरती प्रत्यक्षात गुडघ्यापर्यंत आली आणि माझ्या चपला घेऊन गेली. ओहोटीचा धडा मी नीट शिकवला असेल, भरतीचा नाही.

मी असा आनंदात होतो, आणि बाबा दर घटकेला गप्प होत चालले होते. सकाळी ते आयेच्या विहिरीवर पाणी शेंदायला गेले. मी धावत जाऊन दोर हातातून घेतला. "बाबा, तुमी बसा." झावळ्या विणायला बसले, मी त्या उचलल्या. "तुमी बसा ना." संध्याकाळी ते ओसरीच्या पायरीवर दोन्ही हात मांडीवर पालथे टाकून बसले होते. जणू ते हात दुसऱ्या कोणाचे होते आणि सांभाळायला ह्यांच्याकडे दिले होते.

"नारायन, लय पाह्यलं. परवाच्या बोटीनं वापस जाऊ."

"काहून? आठ दिसाचं ठरलं ना?"

"वखरन बाकी हाय. तुह्या भावाले एकट्याले नाई होनार." मग म्हणाले, "इथं मी काय करून राह्यलो? पाहुना म्हनून एक दिस बसाव, दोन दिस बसाव."

एवढ्या दूर त्यांना आणलं ते सुख व्हावं म्हणून, आणि ते तर दिवस मोजत होते.

तिसरा दिवस : दोरी

पहाटे बाबा अंथरुणात नव्हते. शोधत किनाऱ्यावर गेलो तर तिथं चाळीसेक माणसं दोन रांगांत उभी राहून समुद्रातून काहीतरी ओढत होती. ही रापण. होडीनं लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसं ओढतात. दोन-दोन तास काम चालतं. पाय वाळूत रोवायचा, मागं झुकायचं, सगळ्यांनी एका दमात. एका रांगेत, धोतराचा काचा मारून, माझे बाबा होते.

त्यांना थांबवावं म्हणून मी पुढं झालो आणि तोंड पाहून थांबलो. बाबा हसत होते. पडावातून उतरल्यापासून पहिल्यांदा.

त्यांच्यापुढं भिकाजी तांडेल होते. "बाबानु, दोरयेचो हात असा तुमचो!"

"आमी घरी दोरी वळतो," बाबा म्हणाले. "हे कायची हाय? अंबाडीची तं नाई."

"काथ्याची. सोडणाची. नारळाचा सगळा कामाक येता."

दोघं आपापल्या भाषेत बोलत होते आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

जाळं आलं. बांगडे वाळूवर चांदीसारखे उडायला लागले. मग वाटे पडायला लागले. वाळूत एकेक ढीग, ज्याचा हात दोरीला लागला त्याचा एक. भिकाजींनी एक ढीग बाबांपुढं केला. बाबांनी हात जोडले. "मी माळकरी हाव. अन् थोडासा हात लावला, त्याचं काय घ्याव?"

"माशे खावनकात. पण वाटो घेवकच होयो."

"नाई बापा. हातभाराचं कोनी घेते काय?"

मी गावकर मास्तरांना बोलावून आणलं, पण उशीर झाला होता. भिकाजींचा चेहरा उतरला होता. बाजूची माणसं कुजबुजत होती. मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अहो, रापणीला ज्याचा हात लागला त्यानं वाटा घ्यायचा, मग तो जावई असो की वाटसरू. न घेणं म्हणजे माझं काम तुम्हांला भीक म्हणून दिलं असं म्हणणं."

आणि आमच्याकडची रीत नेमकी उलटी! एखाद्याचं वखरण मागं पडलं की गावातली माणसं आपापले बैल घेऊन एक दिवस त्याच्या शेतात जातात. त्याला इर्जिक म्हणतात. कोणी मोबदला घेत नाही. घेणाऱ्याला गाव नावं ठेवतं. बाबांनी आयुष्यभर पाळलेली सभ्यता त्यांनी इथं पाळली होती, आणि तीच लोकांना लागली होती.

चौथा दिवस : पुन्हा पायरीवर

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा परत किनाऱ्यावर गेले आणि दोरीला हात घालू लागले. भिकाजींनी तो हात हळूच बाजूला केला. "रागान नाय सांगनय, बाबानु. आमी कोणाचे फुकट हात घेनव नाय. बसा थयसर, बघा."

बसा. मी दोन दिवस हेच म्हणत होतो. आता ते परक्याच्या तोंडून ऐकताना कसं लागतं ते मला कळलं. बाबा वाळूत बसले. रापण आली, वाटे पडले. बाबांच्या समोर वाळू मोकळी होती, आणि माझ्याही. मी तर दोरीला बोटही लावलेलं नव्हतं.

"उद्याची बोट पाह्य," घरी येताना बाबा म्हणाले.

आये चूल फुंकत होती. तिनं सगळं ऐकलं आणि बाबांना विचारलं, "तुमच्या गावात हातभार लावणाऱ्याक काय्येक देनत नाय?"

मी प्रश्न समजावला. बाबा म्हणाले, "देते ना. सांजच्याले जेवू घालते. सारे एका पंगतीत बसते. थे नाई सोडत कोनी."

"मगे?" आये म्हणाली.

बाबांनी ओळखलं, इथला वाटा म्हणजे आपल्याकडची पंगतच. मग उठले, माझ्या चपला पायात घालून (त्या मी बाजारातून नव्या घेतल्या होत्या) तरातरा किनाऱ्याकडे निघाले. मी अनवाणी मागं.

भिकाजी होडीच्या सावलीत जाळं सांधत होते. बाबा त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "तांडेलबुवा, वाटा घेतो. पन एक गोठ माही बी आयका. उद्या सांजच्याले तुमी सारे माह्याकडं जेवा."

मी भाषांतर केलं. भिकाजी विचारात पडले. "आमी तुमच्या शेतात खय राबलंव? कशाचा जेवाण?"

बाबांनी आपला दंड पुढं केला. तिथं अजून भिकाजींच्या बोटांचे निळे वळ होते. "तुमी मले धरलं होतं ना? त्याचा वाटा मी कुठी देल्ला?"

हे समजावून द्यावं लागलं नाही. भिकाजींनी दंडाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि होडी हलेल असे हसले. "येतंव! सगळे येतंव!"

पाचवा दिवस : माडाखालचे रोडगे

त्या दिवशी मी बाबांना एकदाही 'बसा' म्हटलं नाही.

पहाटे त्यांनी रापण ओढली आणि वाटा घेतला. झावळीच्या टोपलीतले बांगडे हात लांब करून, मान दुसरीकडे वळवून ते आयेच्या चुलीपर्यंत घेऊन आले. साप धरल्यासारखे. "घ्या माय, माही कमाई." आये डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. घरात त्या दिवशी माशांची चैन झाली.

मग बाबा बाजारात गेले आणि गहू आणले. तयार कणीक त्यांनी चिमटीत घेऊन नापसंत केली. रोडग्याला जाडं पीठ लागतं. रोडगे म्हणजे कणकेचे मुठीएवढे गोळे, विस्तवात भाजलेले. आमच्याकडे शेतात, देवळाच्या आवारात पुरुषमाणसंच ते करतात. आयेच्या जात्यावर बाबा बसले. एका बाजूनं मी खुंटा धरला. विस्तवाला आमच्याकडे गोवऱ्या. इथं माडाखाली सोडणांचा, म्हणजे नारळाच्या वाळक्या सालींचा ढीग पडलेला. बाबांनी दोन सोडणं पेटवून पाहिली. "आंच बराबर हाय," म्हणाले, आणि खड्डा खणायला घेतला.

ऊन उतरल्यावर रापणीची सगळी माणसं आली, बायकामुलंही आली. केळीच्या पानांवर वांग्याची भाजी, वरण आणि राखेतून काढून झटकलेले रोडगे. भिकाजींनी एक हातात घेऊन दुसऱ्या हातावर आपटला.

"बाबानु, हो नांगर टाकूचो काय खावचो?"

बाबांनी तो घेतला, मुठीनं फोडला, आतून वाफ निघाली. वर वरण ओतलं, तूप सोडलं, जवसाची चटणी ठेवली. "आता बोला."

भिकाजी खात राहिले. तिसऱ्या रोडग्यानंतर म्हणाले, "भात खाल्लो तर पाणी काढूक येता. ह्यो खाल्लो तर रापण एकट्यान ओढीन." एक म्हातारी पानाआड बांगड्याच्या कालवणात रोडगा बुडवून खात होती. बाबांनी ते पाहिलं आणि आभाळाकडे बघत बसले. मायचा चटणीचा डबा मात्र रिकामा झाला.

परतीच्या बोटीचं नाव मग कोणी काढलं नाही.

राहिलेले दिवस

ते तीन दिवस कसे गेले ते भराभर सांगतो. बाबा रोज पहाटे रापणीवर, दुपारी भिकाजींच्या पडवीत काथ्याची दोरी वळायला शिकताना. अंबाडीची दोरी वळणारा हात तिथं पहिल्यांदा चुकला, दुसऱ्या दिवशी जमला. भिकाजींनी ती दोरी गुडघा लावून ताणून पाहिली आणि काही न बोलता आपल्या दोऱ्यांत ठेवली. मी ओझरच्या डोंगरातला झरा पाहून आलो, फणसाचे गरे खाल्ले, सूर्यास्त पाहिले. मालवणचा सूर्यास्त वर्णन करण्याची माझी ताकद नाही, जाऊन पाहावा.

शेवटच्या पहाटे मीही धोतर खोचून बाबांच्या मागं दोरीला लागलो. पहिल्या घटकेत तळहात सोलले. शाळा-कॉलेजात सोळा वर्षं गेली तेवढ्यात ते इतके मऊ झाले होते हे मला माहीत नव्हतं. बाबा मागं न बघता म्हणाले, "पायानं ओढ, हातानं नाई. हात नुसते धरते." त्यानंतर जमलं. वाटे पडले तेव्हा बाबांच्या ढिगाशेजारी एक लहान ढीग माझ्यापुढं आला. बाबांनी माझे हात उलटे करून पाहिले, भिकाजींना दाखवले. "हे पाहा बी. ए.चे हात."

"असांदेत," भिकाजी म्हणाले, "लागले मां दोरयेक."

बोटीपर्यंत भिकाजींनीच पोहोचवलं. शिडीपाशी त्यांनी बाबांच्या हातात काथ्याच्या नव्या दोरीचं वेटोळं दिलं. "आजचो वाटो. माशे गावापर्यंत टिकचे नाय." बाबांनी ते खांद्यावर अडकवलं, पिठाची पिशवी जिथं होती तिथंच. ह्या वेळी त्यांनी पडाव वर येईपर्यंत वाट पाहिली आणि कोणी न धरता शिडीवर पाय टाकला.

आसेगावला पोहोचलो तेव्हा वेशीपासून माणसं गोळा झाली. समुद्र केवढा असतो, पाणी खरंच खारं असतं का, बोट बुडत कशी नाही? सगळे प्रश्न मला. बाबा सरळ घरात गेले आणि दोरी खुंटीला टांगली.

मायनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि आठ दिवस मनात धरलेला प्रश्न विचारला, "पीठ पुरलं काय जी?"

मी उंबऱ्यात उभा होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"पुरलं ना," ते म्हणाले. "चाळीस मानसं जेवले."